शेठने पेठ सावरली, आता पुढे काय? (किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी आणि आपली तालुक्याची गावं)

मळवाट
बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज लिहितोय कारण गावात ह्या विषयावरून घरात, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर सगळीकडे जुंपलीय आणि इथे वेगवेगळ्या भागातली माणसं आहेत, काहीतरी शहाणपणाचं कानावर पडेल.

आमचं गाव तालुक्याचं, छोटी नगरपरिषद. नाव देत नाही, अशी गावं महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत. हायवे पूर्वी पेठेतून जायचा. मग बायपास झाला, लोक खूश झाले की चला हॉर्न बंद, आणि थोड्याच दिवसांत कळलं की हॉर्नबरोबर गिऱ्हाईकपण गेलं. भांडीआळी अर्धी बंद, कापडवाल्यांची पोरं पुण्यात नोकरीला, उरलेले ऑनलाइनवाल्यांच्या नावाने बोटं मोडत गल्ल्यावर बसलेले.

तर अशात एक माणूस. धाग्यापुरतं शेठ म्हणू. वडिलांची तेलघाणी होती, ह्यांनी ठिबकच्या नळ्या आणि फिटिंगचा छोटा कारखाना टाकला, तो चालला. माणूस फटकळ, भाषण अजिबात येत नाही, माईक हातात दिला की घाम फुटतो. सुरुवात केली पेठेच्या टोकाच्या बारवेपासून. ही बारव आमच्या लहानपणापासून गावाची कचराकुंडी. गाळ उपसायला उतरलो तेव्हा काय काय निघालं म्हणून सांगू, स्टीलचे पेले, न विरघळलेल्या गणपतींचे हात आणि सोंडा, हातपंपाचा आख्खा दांडा, शिलाई मशिनचं पायडल. शेठ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर उभे, घमेली पुढे सरकवतायत, आणि कोणी मोबाइल काढला की खेकसतायत.

पण बारवेला विरोध कोण करणार? खरी कसोटी लागली ती ओट्यांची. पेठेत प्रत्येकाने दुकानाचा ओटा गटारावर पुढे घेतलेला, वर पत्रा. पावसाळ्यात पाणी तुंबणार, नगरपालिका नोटिसा देणार, लोक त्या नोटिशीत पुड्या बांधणार. शेठने व्यापारी संघाच्या बैठकीत विषय काढला तर नेहमीचंच, 'आधी समोरच्याचा पाडा'. हे काही न बोलता उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या दुकानाचा ओटा स्वतःच्या माणसांकडून फोडून घेतला. बापाने घातलेला शहाबादी फरशीचा ओटा हो. दुपारपर्यंत आख्खी पेठ येऊन बघून गेली, कोणी काही बोललं नाही. मग हळूहळू एकेकाने आपापला मागे घेतला, सगळ्यांनी नाही पण बऱ्याच जणांनी, आणि त्या पावसाळ्यात पाणी गटारातून गेलं. जेसीबी न लावता अतिक्रमण निघालेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर अभ्यासिका झाली, पेठेत दिवे लागले, बंद गाळ्यांच्या मालकांना पटवून गाळे नव्या पोरांना पहिल्या वर्षी निम्म्या भाड्याने मिळवून दिले. मोबाइल रिपेअरिंग, बायकांचं शिवणकाम, एक रोपवाटिका, असं काय काय चालू झालंय.

आता गोम अशी की लोक म्हणतायत शेठ, नगराध्यक्षाला उभे राहा. दुसरी बाजू म्हणतेय गाव शेठच्या खिशात चाललं. हातगाडीवाले वेगळेच नाराज. एका धंदेवाल्या माणसाने गाव हातात घेणं कुठपर्यंत बरं? जुनी नवी उदाहरणं द्या. पक्षांची धुणी इथे नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

तिरकस
पहिला! शेठ उभे राहणार, निवडून येणार, पेव्हर ब्लॉकचं टेंडर भाच्याला जाणार. धागा संपला, सगळ्यांनी घरी जा. हलके घ्या.

नांगरफाळ
मी पलूसकडचा, त्यामुळे इथे किर्लोस्करवाडी आणल्याशिवाय मला राहवणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते पण त्यातला नगरपालिकेचा भाग कोणी सांगत नाही. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे नांगर बनवण्यापेक्षा तो खपवणं अवघड. हे सगळं मार्गी लागतंय तोवर बेळगावच्या पालिकेला वस्ती वाढवायला ती जागा हवी झाली आणि कारखाना उठवायची वेळ आली. म्हणजे ज्याच्यामुळे गावाचं नाव होणार होतं त्यालाच गावाने बाहेर काढला. आज तिथे किर्लोस्कर रोड आहे, ते एक असो.

मग औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. माळ म्हणजे निवडुंग, साप, पाण्याची बोंब. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन हा माणूस तिथे जाऊन राहिला. हे 'जाऊन राहिला' महत्त्वाचं आहे. पुण्यात बंगला आणि माळावर कारखाना असं नाही, स्वतःचं घर, बायकापोरं त्याच निवडुंगात. पहारेकरी म्हणून त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली, ज्यांना दुसरं कोणी दारात उभं केलं नसतं. वाडीत शिवाशिव चालायची नाही हा नियम, आणि तो १९१० च्या दशकातला, आत्ताचा नव्हे. १९२० ला तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केलं, १९३० ला 'स्त्री'. आमच्या भागात अजून धड रस्ते नव्हते आणि माळावरच्या वाडीतून आख्ख्या महाराष्ट्रात मासिकं जात होती. पुढे स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.

१९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कारखाना पेटला. परत उभा केला. पंपांचा कारखाना आजही चालू आहे, सकाळच्या पाळीला अजून आजूबाजूच्या गावातली माणसं जातात. त्यामुळे मळवाट, माझं मत साधं आहे. शेठ गावात राहतात का, त्यांची पोरं कुठल्या शाळेत आहेत, आजारी पडले की कुठल्या दवाखान्यात जातात, एवढं बघा. बाकी टेंडर बिंडर नंतर.

तिरकस
नांगरफाळ भाऊ, लिहिलंय झकास, पण वाडी ही वाडी होती हो. सगळी जमीन मालकाची, सगळी माणसं मालकाच्या पगारावर. तिथे ओटा मागे घे म्हणलं की घेणारच. गावात तसं नसतं, गावात विरोधी गटाचा नगरसेवक असतो आणि तो कामाला नसतो. उपमा चुकली.

नांगरफाळ
हे मान्य करायला मला त्रास होतोय पण मुद्दा बरोबर आहे. आणि अजून एक तुमच्या बाजूचं सांगतो. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, त्यांच्या काळात वाढ झाली ती हरिहरला, बंगळुरूला, पुण्याला. चूक काही नाही, धंदा जिथे वाढतो तिथे जातो, पण वाडी वाडीच राहिली.

कृष्णाकाठची
कराडची आहे, ओगलेवाडीचं मी सांगते.

बाहेरचे लोक कराड स्टेशनला उतरतात आणि गाव कुठाय म्हणून शोधत बसतात, कारण स्टेशन आहे ओगलेवाडीत. ओगले बंधूंनी १९१६ ला काचकारखाना काढला, तोही औंध संस्थानाच्याच आधाराने, म्हणजे त्या एका राजाने किती कारखान्यांना जागा दिली बघा. प्रभाकर कंदील तिथला. प्रभाकर म्हणजे त्यांच्या वडिलांचं नाव. आमच्या आजीकडे माळ्यावर एक होता, काचेवर कारखान्याची मोहोर अजून वाचता यायची, वात वर करायची चकती मात्र गंजून बसलेली. स्वदेशीच्या काळात काच स्वतः ओतायची म्हणजे खायचं काम नव्हतं, भट्टीचं तापमान, वाळू, सोडा सगळं शिकून आणावं लागलं होतं.

पण घरोघरी वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला. कारखाना बंद पडला. कारखान्याभोवती उभी राहिलेली वस्ती आहे, स्टेशन आहे, नाव आहे. ज्या घरातले दोन पिढ्या भट्टीवर होते त्यांनी मात्र बाहेर वाट शोधली. म्हणून शेठबद्दल मला विचारायचंय ते हे की उद्या ठिबकच्या नळ्यांचा धंदा बसला तर अभ्यासिका बंद होणार का? उत्तर हो असेल तर तुमचं गाव सावरलेलं नाहीये, शेठच्या उधारीवर चाललंय.

मळवाट
कृष्णाकाठची, अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. अभ्यासिकेचं वीजबिल, वर्तमानपत्रं, राखणदाराचा पगार सगळं कारखान्यातून जातं. दिव्यांचंपण.

आणि तिरकस, भाचा नाही, जावई. आणि हो, त्याचा पेव्हर ब्लॉकचाच धंदा आहे :)

तिरकस
मी ज्योतिषी म्हणून बसायला हवं होतं.

हिशेबनीस
सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचा, उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो, कारण गावात लोकांना वाटतं शेठ करतायत ते सीएसआरचं आहे, सरकारला दाखवायला.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मूल्य (नेटवर्थ) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तरच कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणं बंधनकारक. त्यातही ज्या भागात धंदा आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. तालुक्याच्या गावातला नळ्यांचा कारखाना, त्यातून प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर हे कलम त्याला लागूच नाही. म्हणजे शेठ करतायत ते खिशातून आणि राजीखुशीने, हे त्यांचं श्रेय त्यांना देऊन टाका.

पण राजीखुशीचा खर्च म्हणजे मन फिरलं की बंद. माझ्या क्लायंटांत असे दोन-तीन दिलदार आहेत. वही बघितली की कळतं, मंदीच्या वर्षी पहिला कट 'सामाजिक कार्य' ह्या खात्याला. त्यांचा दोष नाही, बँकेचा हप्ता गाव भरत नाही. त्यामुळे अभ्यासिका, बारव, जे काय आहे ते वेगळ्या ट्रस्टमध्ये टाका, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, एकरकमी निधी ठेवून व्याजावर खर्च चालवा, आणि दरवर्षी ऑडिट झालेला हिशेब अभ्यासिकेच्या दाराला चिकटवा. विश्वस्तांत शेठच्या घरचा एकच माणूस. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर शेठचा चेहरा कसा होतो ते बघा, तिथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

पालेभाजी
एवढा वेळ सगळं वाचलं. आई भाजीची पाटी घेऊन बसायची पेठेत (तुमच्या गावात नाही, दुसऱ्या, पण गोष्ट तीच) म्हणून माझी बाजू.

पेठ सुंदर करायची म्हणलं की सगळ्यात आधी कोण उठतं? पाटीवाली. दुकानदाराने ओटा मागे घेतला की त्याचं दुकान आतमध्ये आहेच. आईच्या पाटीला आत नव्हतं. आमच्याकडेपण असंच सुशोभीकरण झालं, बाकडी आली, कुंड्या आल्या, आणि भाजीवाल्यांना सांगितलं स्टँडमागच्या मैदानात बसा. मैदानात ऊन, पाणी नाही, मुतारी नाही, आणि गिऱ्हाईक तर मुळीच नाही कारण भाजी माणूस येताजाता घेतो, त्यासाठी मुद्दाम कोणी स्टँडमागे जात नाही. आई दुपारपर्यंत निम्मी मेथी परत आणायची, संध्याकाळी ती आम्हीच खायचो. मला मेथी अजून आवडत नाही.

ज्यांनी हे केलं ते वाईट नव्हते, गावातले चांगले प्रतिष्ठित व्यापारी होते, त्यांना खरंच वाटत होतं गाव छान होतंय. आम्हाला फक्त कोणी विचारलं नाही. मळवाट दादा, तुम्ही 'हातगाडीवाले वेगळेच नाराज' असं एका ओळीत उरकलंत म्हणून लिहिलं, राग मानू नका.

कृष्णाकाठची
पालेभाजी, +१००. धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

सनदशीर
वकिली करतो, नगरपालिकांच्या केसेस बऱ्याच बघतो, तर जमेल तेवढं लिहितो. लांबेल, वाचनखूण साठवा.

पालेभाजींनी जे सांगितलं त्यासाठी २०१४ पासून पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आहे. शहर फेरीवाला समिती लागते, मुख्याधिकारी (सीओ) तिचे अध्यक्ष, सदस्यांपैकी किमान ४० टक्के विक्रेते स्वतः निवडून आलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. आता किती गावांत ही समिती खरोखर बसते हा प्रश्न मला विचारू नका, मी हसतो. पण शेठना गावासाठी काही करायचंच असेल तर कुंड्यांच्या आधी ही समिती बसवायला लावा. एक व्यापारी सीओ साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन फेरीवाल्यांची समिती मागतोय, हे दृश्य मला बघायचंय.

उभं राहण्याबद्दल. महाराष्ट्रात नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा आहे, त्यात परिषदेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असला तर माणूस सदस्य म्हणून अपात्र ठरतो. जावयाचा धंदा म्हणजे आपोआप अपात्र असं नाही. जावयाच्या फर्ममध्ये शेठचं भांडवल, भागी असलं काही असेल तर मात्र विरोधक सोडणार नाहीत आणि सोडूही नये. नळ्या, फिटिंग पाणीपुरवठ्याला जात असतील तर तेही बघा, लोकांचं लक्ष पेव्हर ब्लॉकवर असतं आणि अर्ज येतो नळीवरून.

आणि वर वाडी विरुद्ध गाव असा वाद झाला त्याला घटनेतच जागा आहे, ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. ७४ वी दुरुस्ती झाली, १९९३ पासून लागू, तिने नगरपालिका सक्तीच्या केल्या, पण कलम २४३ थ मध्ये एक परंतुक, म्हणजे अपवाद, ठेवलं की जिथे कारखानाच नागरी सेवा पुरवतो तो भाग राज्यपाल औद्योगिक नगरी म्हणून ठरवू शकतात, तिथे नगरपालिका नको. टाटांच्या जमशेदपूरला निवडलेली पालिका हवी की कंपनीचा कारभारच बरा हा वाद कित्येक दशकं कोर्टात फिरतोय. मजा म्हणजे तिथल्या बऱ्याच रहिवाशांनाच पालिका नको, नळाला पाणी येतंय ना म्हणतात. मला हे पटत नाही पण माझ्या नळाला एक दिवसाआड येतं, त्यामुळे मी फार जोरात बोलत नाही.

खडूफळा
इतिहास शिकवतो, त्यामुळे थोडं बाहेरचं. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमन नावाचा रेल्वेचे डबे बनवणारा कारखानदार होता. १८८० पासून त्याने कामगारांसाठी आख्खं गाव बांधलं. विटांची घरं, बाग, वाचनालय, दुकानांची आर्केड. बघायला लांबून लोक यायचे. घरं मात्र भाड्याने, विकत मिळायची नाहीत, आणि गावात काय चालावं हे मालक ठरवणार. १८९३ ला मंदी आली, त्याने पगार कापले, घरभाडं कापलं नाही. भाडं कंपनीलाच द्यायचं असल्यामुळे माणसाच्या हातात उरायचं काय? १८९४ ला संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, फौज आली, माणसं मेली. १८९८ ला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारखान्याला लागत नाही ती मालमत्ता कंपनीने विकून टाकावी. पुलमन स्वतः १८९७ लाच गेला होता. कामगार थडगं उकरतील ह्या भीतीने घरच्यांनी शवपेटीभोवती काँक्रीट ओतलं. गाव बांधणाऱ्या माणसाची ही अखेर.

त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉर्ज कॅडबरी. चॉकलेटवाले, तेच. बॉर्नव्हिल नावाचं गाव बांधलं, कारखान्यातल्यांनाच नाही तर बाहेरच्यांनाही घरं दिली, आणि १९०० साली, म्हणजे स्वतः ठणठणीत असताना, सगळं एका ट्रस्टच्या नावावर करून मोकळा झाला. ट्रस्ट आजही आहे, कारखान्याची मालकी परक्या कंपनीकडे गेली तरी आहे. अर्थात तोही साधू नव्हता, क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचा, त्यामुळे गावात दारूचा गुत्ता चालणार नाही हा त्याचा हट्ट लोकांवर बसलाच. देणाऱ्याचा थोडाफार हट्ट खपवून घ्यावा लागतो. पण हिशेबनीस म्हणाले त्या ट्रस्टच्या मुद्द्याला हे उदाहरण मला फार वजनदार वाटतं.

ऊसकरी
आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं कोणीच नाव घेईना. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या शेवटी गाळप सुरू. पायपीट करून, दारोदार जाऊन शेअर गोळा केले त्यांनी, आणि अध्यक्षपदी बसवले कोण तर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. स्वतः खुर्ची घेतली नाही. मला शेठच्या विषयात हेच सांगायचंय. वारणेला तात्यासाहेब कोरेंनी साखर कारखान्यावरून दूध संघ, बझार, पोरांचा वाद्यवृंद इथपर्यंत गाडी नेली, कोणाच्या खैरातीवर नाही, सभासदांच्या भागभांडवलावर. शंभर रुपये ज्याचे अडकलेत तो मीटिंगला येतो, फुकट मिळालं की कोणी येत नाही.

तिरकस
आणि मग सभासदांच्या कारखान्यावर एकेक घराणं कसं बसलं, ते पुढच्या भागात वाचा.

ऊसकरी
बसलं ना, बरीच बसली, नाकारत नाही. पण घराणं बसलं तरी पाच वर्षांनी त्याला मतं मागायला दारात यावं लागतं. शेठला कोणाच्या दारात यायचंय? त्यांना कंटाळा आला की ते घरी जाऊ शकतात.

संपादक मंडळ
प्रतिसाद क्रमांक ३१ ते ३४ उडवले आहेत. पक्षांची नावं आणि एका सदस्याच्या वडिलांचा व्यवसाय ह्यावर धागाकर्त्याला चर्चा नको आहे.

मळवाट
मंडळी, मधे गायब होतो, कारण हा आख्खा धागा प्रिंट काढून शेठला वाचायला दिला. हो, प्रिंट. ते मोबाइलवर लांबलचक काही वाचत नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून कागद लांब धरून वाचतात. पुलमनपाशी थांबले आणि म्हणाले काँक्रीट कितीचं लागलं असेल रे. बाकी वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जे बोलले ते जसं आठवतंय तसं लिहितो.

उभं राहण्याचं, नाही म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले ओटा फोडला तेव्हा माझ्याकडे कुठली खुर्ची होती? खुर्ची असती तर लोक म्हणाले असते सत्तेचा माज. मला हे पूर्ण पटलं नाही. कारण नगरपरिषदेत कोणीतरी बसणारच आहे, चांगल्या माणसाने नाही म्हणायचं आणि मग पाच वर्षं नावं ठेवायची हे काय खरं नाही. तसं बोललो, तर फिटिंग नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याला जातात असं म्हणाले. सनदशीर, तुमचा बाण लागला. निवडणूक की फिटिंग असा प्रश्न असेल तर कारखान्यातल्या चाळीस घरांचं बघायचं म्हणाले. ह्यावर मी काय बोलणार.

ट्रस्टचं ऐकून चेहरा झाला, हिशेबनीस, अगदी तुम्ही म्हणालात तसा. घरचा एकच विश्वस्त म्हणजे, त्यांना वाटतं उद्या चार रिकामटेकडे येऊन अभ्यासिकेत वाढदिवस साजरे करतील. ही भीती अगदीच खोटी नाही, आमच्या समाजमंदिराचं तेच झालं. तरी शेवटी दोनावर आले, स्वतः आणि सूनबाई. बाकी पाच जणांत शाळेचे निवृत्त हेडमास्तर, अभ्यासिकेत शिकून नोकरीला लागलेला एक, आणि पेठेबाहेरच्या वस्तीतले कोणीतरी असं ठरतंय. निधीच्या आकड्यावर अजून घासाघीस चालू.

पालेभाजी, तुमचा प्रतिसाद त्यांनी परत एकदा वाचला. मग मला घेऊन पेठेत गेले, बाजाराच्या दिवशी, आणि ज्या बाया पूर्वी बारवेच्या कट्ट्याला टेकून बसायच्या त्यांना विचारलं आता कुठे बसता. एक मावशी म्हणाली, 'तुमच्या कुंडीच्या जागेवर बसायचो मालक, आता कुंडी बसलीय'. शेठ काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कट्ट्याकडच्या कुंड्या उचलून कारखान्याच्या गेटवर नेल्या. पण ही परत शेठचीच मर्जी झाली ना, उद्या दुसरा कोणी कुंडी ठेवेल. समितीसाठी अर्ज तयार केलाय, त्यावर व्यापारी संघाच्या सह्या घ्यायच्यात आणि तिथे गाडी अडलीय. निम्मे म्हणतात भाजीवाल्यांना समितीत घेतलं तर डोक्यावर बसतील.

पालेभाजी
कुंड्या उचलल्या हे वाचून बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली त्या मावशीला सावलीचं विचारा, चारनंतर कट्ट्यावर पश्चिमेचं ऊन येत असणार. सह्या नाही मिळाल्या तरी अर्ज द्या. विक्रेते स्वतः देऊ शकतात, त्यांच्या सह्या घ्या आधी, अंगठे असले तरी चालतील.

सनदशीर
बरोबर आहे, व्यापारी संघाची सही कुठल्याही कायद्यात लागत नाही. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. महिनाभर हालचाल नाही झाली तर माहिती अधिकारात विचारा की समिती कधी स्थापन झाली, सदस्य कोण, बैठका किती, सर्वेक्षण कधी झालं. 'समिती स्थापन नाही' असं लेखी उत्तर आलं की पुढचं सोपं असतं.

हिशेबनीस
अभ्यासिकेचं निम्मं मार्गी लागलं म्हणायचं. दिव्यांचं काय केलंत? सार्वजनिक रस्त्यावर दिवाबत्ती हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे, ते ट्रस्टच्या गळ्यात मारू नका, नाहीतर व्याज सगळं वीजबिलात जाईल. मीटर कोणाच्या नावावर आहे?

मळवाट
आत्ता फोन करून विचारलं. मीटर कारखान्याच्या नावावर आहे आणि लाइन कारखान्याच्याच डीपीवरून ओढलीय.

हिशेबनीस
म्हणजे औद्योगिक कनेक्शनवर रस्त्याचे दिवे. आधी हे सोडवा, बाकी धागा नंतर. दिवे आणि खांब नगरपरिषदेकडे हस्तांतरित करायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ठराव झाला की नवीन मीटरचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने जाईल. खांबांची यादी आणि बिलं आहेत का?

मळवाट
बिलं आहेत, यादी उद्या सकाळी पेठेत फिरून करतो.